लायसन्सच्या आधी आणि नंतर : कोल्हापुरातल्या पोरांना गाडी शिकवायची कशी

आरटीओच्या ट्रॅकवर दुचाकीचा आठ काढायचा, पाय टेकवायचा नाही. चारचाकी पुढे न्यायची, मागे आणायची, चढावर थांबवून परत उचलायची. एवढं जमलं की लायसन्स मिळतं. या परीक्षेत गाडीवरचा ताबा बघितला जातो, तोही १०-१५ च्या स्पीडला आणि मोकळ्या जागेत. तिथं पुढचं वडाप (वाटेत प्रवासी घेणारी जीप) मध्येच थांबत नाही, राँग साईडने कुणी येत नाही आणि उसाची ट्रॉली अंधारात उभी नसते. क्लच नीट सुटला नाही म्हणून नव्या चालकाचा मोठा अपघात क्वचितच होतो. पुढे काय घडणार हे त्याला उशिरा दिसतं आणि दिसतं तेव्हा स्पीड जास्त असतो, घोळ तिथं होतो. हातपाय पंधरा-वीस दिवसांत वळतात. डोळे तयार व्हायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष कसं काढायचं याचा विचार सहसा कुणी केलेला नसतो.

न्यूझीलंडने १९८७ पासून टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली. आधी शेजारी जाणतं माणूस असेल तरच गाडी, मग एकट्याला परवानगी पण रात्री नाही आणि मित्र भरून नाही, त्यानंतर पूर्ण मोकळीक. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या राज्यांतही असेच टप्पे आहेत. आपल्याकडे शिकाऊ आणि पक्कं अशा दोनच पायऱ्या. मधली पायरी घरच्यांनीच बांधायची आहे.

आधी वयाचा घोळ मिटवू

"सोळाव्या वर्षी बिनगियरचं लायसन्स मिळतं" हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळतं आणि त्याच्या जोरावर दहावी झालेल्या पोराला मोपेड दिली जाते. कायद्यात सोळा वर्षांची सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला. आज घराघरांत ज्या स्कूटर आहेत त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. गियर नसले तरी त्या या सवलतीत बसत नाहीत. त्यांना आणि चारचाकीला अठरा पूर्णच हवीत.

बॅटरीच्या गाड्यांचंही तेच. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी गाडी मोटार वाहनात धरली जात नाही, तिला लायसन्स लागत नाही. दुकानात ही गोष्ट सांगितली जाते. मग गाडी घरी आली की वायर बदलून तिचा स्पीड वाढवून घेतला जातो, आणि त्या क्षणी ती साधी मोटारसायकल ठरते, बिननंबरची आणि बिनविम्याची.

अल्पवयीन मूल गाडी चालवताना सापडलं तर मोटार वाहन कायद्यातलं, २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं कलम १९९अ लागू होतं. पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत शिकाऊ लायसन्ससुद्धा नाही. "मला न विचारता नेली" असं म्हणून सुटता येत नाही. ते सिद्ध करायची जबाबदारी पालकाचीच असते. गाडीची चावी दारामागच्या खुंटीवर लटकत असेल तर ते सिद्ध करणं अवघड आहे.

अठराच्या आधी : डाव्या सीटवरचा अभ्यास

पंधरा ते अठरा या तीन वर्षांत मुलाला स्टिअरिंग देता येत नाही, पण शिकवण्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग याच काळात उरकतो. मोबाईल खाली ठेवून त्याला पुढच्या डाव्या सीटवर बसवा आणि रस्त्यावर जे दिसतंय ते मोठ्याने बोलायला लावा. नुसतं "रिक्षा" म्हणून चालणार नाही. "रिक्षाचं पुढचं चाक उजवीकडे वळलंय, ती वळणार." "केएमटीची बस थांबलीय, तिच्यापुढून कुणीतरी पळत येईल." "उभ्या गाडीत ड्रायव्हरचं डोकं दिसतंय, दार उघडेल." प्रत्येक वेळी दोन गोष्टी हव्यात, काय दिसलं आणि त्याचं पुढे काय होऊ शकतं. कावळा नाक्यापासून दसरा चौकापर्यंत हे केलं तरी बोलून तोंड दुखतं. दहा मिनिटं पुरे.

राजारामपुरी यासाठी उत्तम शाळा आहे. एकामागे एक गल्ल्या येतात, कोपऱ्यावरच्या उभ्या गाड्यांमुळे आतलं काही दिसत नाही आणि प्रत्येक तोंडातून मोपेडचं नाक बाहेर येतं. मुलाने गल्ली यायच्या आधी "गल्ली" म्हणायला हवं. गल्ली मागे गेल्यावर म्हणत असेल तर त्याचे डोळे बॉनेटच्या जवळ अडकलेत. नजर पुढे, आपण दहा-बारा सेकंदांनी जिथं पोचणार तिथवर जायला हवी. गावात ४० च्या स्पीडला ते अंतर सव्वाशे मीटरच्या आसपास येतं.

दुसरा सराव अंतराचा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" असं सावकाश मोजायचं. आपण तिसरा आकडा संपायच्या आत खांबापाशी पोचलो तर फार चिकटलोय. पावसात पाचपर्यंत मोजायचं. हा खेळ डावीकडचा खेळतो पण सुधारतो उजवीकडचा, कारण पोरगं लगेच सांगतं, "पप्पा, दोनच झाले." पप्पांनी तेव्हा चिडायचं नाही. पोरं सांगण्यावरून कमी आणि बघून जास्त शिकतात. सीटबेल्ट नुसता मागे अडकवून ठेवणारा बाप मुलाला बेल्ट लावायला शिकवू शकत नाही.

शिकाऊ लायसन्स आणि ड्रायव्हिंग स्कूल

अठरा पूर्ण झाल्यावर सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. आधारशी जोडून परीक्षा घरबसल्याही देता येते. पास व्हायला साठ टक्के लागतात. पोराच्या जागी दुसऱ्या कुणी बसून उत्तरं देणं सर्रास चालतं आणि याइतकं नुकसानीचं दुसरं काही नाही. चिन्हं आणि अग्रक्रमाचे नियम आयुष्यात त्या एकदाच वाचले जाणार असतात.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. बहुतेक जण एकतिसाव्या दिवशी तारीख घेतात. आमचा सल्ला उलटा आहे. पाच महिने सराव करा आणि मग तारीख घ्या, तेवढ्यात जमलं तर एक पावसाळाही पदरात पडेल. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लागतो. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस हवी, अक्षर १० सेंटिमीटर उंच. शेजारी त्याच प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि तो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. शिकाऊ लायसन्सवर दुचाकीमागे मैत्रीण किंवा धाकटा भाऊ बसवता येत नाही. बसायचं तर शिकवणाऱ्यानेच.

स्कूल निवडताना फी शेवटी विचारा. आधी भिंतीवर फॉर्म ११ मधला परवाना आहे का बघा. मग गाडीत दोन्हीकडे क्लच-ब्रेक आहेत का, आणि मुलाच्या नावावर तासांची नोंद होते का ते विचारा. ही नोंद फॉर्म १५ च्या रजिस्टरमध्ये ठेवायची असते. नियमाप्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान १० तासांचं हवं. हिशोब करा. दिवसाला जवळजवळ अर्धा तास स्टिअरिंग मुलाच्याच हातात असायला हवं. एका तासाच्या बॅचमध्ये तीन पोरं कोंबली तर प्रत्येकाला वीस मिनिटं मिळतात आणि २१ दिवसांत सातच तास भरतात. सुट्ट्या धरल्या तर त्याहून कमी. मागे बसलेला वेळ वाया जात नाही, पण तो या दहा तासांत धरायचा नाही.

केंद्र सरकारच्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, आठ तास वर्गात आणि एकवीस तास गाडीवर. दहा तास म्हणजे किती थोडं, हे त्या आकड्यावरून समजतं. उरलेले तास घरच्या गाडीवर भरून काढायचे.

स्कूलच्या गाडीची एक खोड लक्षात ठेवा. शिक्षकाचा पाय स्वतःच्या क्लचवर असतो. गाडी बंद पडत नाही, पोरगं खूश होतं आणि घरच्या गाडीवर बसल्यावर पहिल्याच चढावर मागे घरंगळतं. दहाव्या दिवसानंतर "आता पाय काढा, बंद पडली तर पडू दे" असं शिक्षकांना स्पष्ट सांगा.

घरच्या गाडीवर, पहिला आठवडा

सकाळी सहा-साडेसहाची वेळ, रुंद आणि रिकामा रस्ता. शेंडा पार्कच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या मागच्या अंगाला असा रस्ता मिळतो, पण फिरायला येणाऱ्यांचं भान ठेवा. एकावेळी पाऊण तासाच्या वर नको. त्यापुढे मूल थकतं आणि शिकवणाऱ्याचा आवाज चढायला लागतो.

आधी बसणं. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे. पाठ टेकून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. डोकं टेकायची उशी मानेला नको, डोक्याच्या मागे यायला हवी. बाजूचे आरसे असे फिरवा की त्यांत आपल्या गाडीची जेमतेम कड दिसेल. बहुतेकांच्या आरशात अर्धी गाडी आपलीच दिसत असते आणि शेजारून येणारी दुचाकी बसते नेमकी लपलेल्या पट्ट्यात. आरसे कितीही नीट लावले तरी वळायच्या आधी मान फिरवून बघायचंच.

पायात काय आहे तेही बघा. कोल्हापुरी चप्पल गावाची शान असली तरी पेडलवर नको. तळ गुळगुळीत, टाचेला पट्टा नाही. ब्रेकवरून पाय सटकतो किंवा निसटलेली चप्पल पेडलखाली अडकते. पातळ तळाचे बूट घाला. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायापाशी कधीच ठेवायची नाही, तीही ब्रेकखाली जाते.

मग क्लच. पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटरला पायच लावू द्यायचा नाही. सपाट रस्त्यावर फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची आणि थांबवायची, वीस-तीस वेळा. बहुतेक पेट्रोल गाड्या आयडलवर अशा उचलतात. क्लच कुठे पकडतो ते पायाला कळलं की चढावर उचलणं सोपं जातं. तिथं हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लचवरचा पाय तो पकडेपर्यंत हळूहळू उचलायचा, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की थोडा पिकअप देऊन हँडब्रेक खाली. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा, क्लच प्लेट त्यानेच जळते.

ब्रेकचा धडा

हा धडा बहुतेक कुणी देत नाही. रिकाम्या कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नाही याची खात्री करून ४० चा स्पीड घ्या आणि ठरलेल्या खुणेपाशी पूर्ण जोराने ब्रेक दाबायला सांगा. नवशिका अर्ध्यातच ढिला सोडतो. एबीएस असेल तर पेडल पायाखाली थरथरतं, घर्र आवाज येतो, आणि पोरगं घाबरून पाय काढतं. पाय काढायचा नाही. दाबून धरायचा आणि स्टिअरिंग फिरवायचं. चाकं लॉक न होता वळता यावं यासाठीच एबीएस असतं. चार-पाच वेळा केलं की भीती जाते. गाडी थांबली तिथं उतरून खुणेपासूनचं अंतर पावलांनी मोजायला लावा.

आता आकडे. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. ४० च्या स्पीडला तेवढ्यात १७ मीटर जातात, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ९, एकूण २६. ६० ला आधीचे २५ आणि नंतरचे २०, एकूण ४५. ८० ला ३३ आणि ३६, म्हणजे ६९. ओल्या रस्त्यावर हेच साधारण ३३, ६० आणि ९६ मीटर होतात. स्पीड दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ४० ने येणारा जिथं उभा राहिला, तिथं ६० ने येणाऱ्याचा ब्रेक नुकता लागायला सुरुवात झालेली असते. म्हणजे धडक जवळजवळ साठच्याच वेगाने. मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं तर ५० च्या स्पीडला २८ मीटर डोळे मिटून गेल्यासारखे जातात.

दुचाकी

कोल्हापुरात पोरांची पहिली गाडी दुचाकीच असते आणि ती शिकवायला कुणी जात नाही. "सायकल येते ना, मग येईल" म्हणून चावी दिली जाते. स्कूटरवर ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात असतात. घाबरलेलं पोर मूठ आवळतं, त्यात ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही फिरतो. म्हणून पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवून सराव करायचा. आधी मूठ पूर्ण सोडायची, मग दोन्ही लिव्हर एकत्र आणि हळूहळू वाढत्या दाबाने ओढायचे. एकदम आवळायचे नाहीत. थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाक करतं, कारण ब्रेक लागला की वजन पुढे येतं. नुसता मागचा ब्रेक मारणारा लांब घसरत जातो. मात्र वळणावर, वाळूवर किंवा शेणा-चिखलावर पुढचा ब्रेक जोरात लावला की गाडी आडवी होते. स्पीड वळणाच्या आधीच, गाडी सरळ असताना कमी करायचा. स्कूटरची चाकं दहा-बारा इंचाची, बाईकपेक्षा लहान. ज्या खड्ड्यातून बाईक निघून जाते त्यात स्कूटरचं हँडल हिसकतं.

हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक हवा. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि डोकं हलवलं तर हेल्मेट वेगळं फिरता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच जागा. पट्टा न लावलेलं हेल्मेट धडकेआधीच उडून जातं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदलायचं, बाहेरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल दबलेला असतो. ट्रिपल सीटला एक हजार दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित अशी तरतूद आहे. पण खरं कारण वेगळं. तिसऱ्याच्या वजनाने पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी वळत नाही.

गावातले चौक

सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि गोल सर्कलमध्ये आत असलेल्याला. हे नियम आपल्याकडे पाळले जात नाहीत असं म्हणून सोडून देऊ नका. ते माहीत असले की कुठं थांबायचं हा प्रश्न सुटतो, समोरचा थांबेल अशी आशा मात्र धरायची नाही. बिंदू चौक, मिरजकर तिकटी, महाद्वार रोड या भागात सुट्टीच्या दिवशी किंवा नवरात्रात नवशिक्याला नेऊच नका. तिथं शिकण्यासारखं फारसं काही नाही, फक्त क्लच जळतो. हिरवा लागल्यावर लगेच सुटू नये. डावी-उजवी बघून मग निघायचं, कारण लाल लागल्यावरही एखादा सुसाट जातोच.

ऊस, पाऊस, घाट

बाहेरगावच्या कुठल्याही पुस्तकात न सापडणारा धोका म्हणजे आपला गळीत हंगाम. दिवाळीच्या आसपासपासून पुढचे चार-पाच महिने कागल, शिरोळ, हातकणंगले, करवीर, कुठल्याही रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. मागे लाईट असलाच तर उसाने झाकलेला. रिफ्लेक्टरवर चिखल. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे दोन दगड ठेवले की झालं.

हेडलाईटचा लोअर साधारण ३०-४० मीटरपर्यंत दाखवतो. वरचा हिशोब आठवा. ६० च्या स्पीडला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे लोअरवर ६० ने जाणाऱ्याला बिनलाईटची ट्रॉली दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, ब्रेक कितीही चांगला असो. ४० ला २६ मीटर लागतात, त्यात तो वाचतो. समोरून अप्पर मारत कुणी आलं की त्याच्या झोतामागची जागा पूर्ण काळी होते, ट्रॉली उभी असते ती तिथंच. तेव्हा नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा.

दिवसा ओव्हरटेकचा प्रश्न. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी १५-१८ मीटर. तो २० ने चाललाय, तुम्ही ५० ने पुढे जाताय, तर मागचं-पुढचं अंतर धरून सहा सेकंद उजव्या बाजूला राहावं लागतं. तेवढ्यात तुम्ही ८० मीटरच्या वर जाता आणि समोरून ७० ने येणारा सव्वाशे मीटरच्या जवळपास येतो. म्हणजे दोनशे मीटर रस्ता पूर्ण मोकळा दिसायला हवा, आणि वर थोडं जास्त. तेवढं दिसत नसेल तर मागे राहायचं, पण ट्रॉलीला चिकटून नाही. लांब राहिलं की बाजूचं दिसतं आणि पडलेल्या मोळ्या चुकवता येतात. ट्रॅक्टरवर डेक मोठ्याने लावलेला असतो, हॉर्न ऐकू गेला असेल असं गृहीत धरू नका. मागची ट्रॉली शेपटासारखी झुलते, तिच्या अंगाला अंग घासून दुचाकी काढणं जिवावर बेततं.

पावसाळ्यात पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास सगळ्यात निसरडा, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते. कारच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बदलायचाच. खाचांतल्या उंचवट्याच्या बरोबरीला रबर आलं की ती वेळ आली. आणि पूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे पोरांना पाठ असतात. त्यांचा अर्थ गाडीसाठी असा, की पंचगंगेकाठच्या सखल रस्त्यांचा आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून जाणाऱ्या वाटांचा भरवसा ३९ च्या आधीच संपतो. बंधाऱ्यावर कठडे नसतात, गढूळ पाण्याखाली कड दिसत नाही. वाहत्या पाण्याची खोली फूटभर असली तरी लहान कार तरंगायला लागते आणि मग स्टिअरिंगचा उपयोग नसतो. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवेसुद्धा बंद झाला होता. वळसा घ्यायचा, नाहीतर घरी थांबायचं.

घाट शिकवायला पन्हाळा पहिला, तोही आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी. वाघबीळवरून चढताना ज्या गियरमध्ये गाडी सुखाने जाते, उतरताना त्याच गियरमध्ये आणायची. न्यूट्रल टाकून उतरायचं नाही. इंजिन गाडी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांना लागेनासे होतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न आणि आपली बाजू. पन्हाळा चार-पाच वेळा झाल्यावर गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटाकडे न्या, पावसाळा संपल्यावर. धुक्यात लोअर लावायचा, अप्परने समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, वळायचा इशारा त्यात हरवतो.

हायवे सगळ्यात शेवटी. तावडे हॉटेलपासून कागलपर्यंत सर्व्हिस रोडवरून कुणीही कुठूनही आत येतं, आणि शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या शिफ्ट सुटताना दुचाक्यांचा लोंढा असतो. आत शिरताना थांबून उभं राहायचं नाही. स्पीड वाढवत, आरसा आणि मान दोन्हींनी बघत, डाव्या लेनमध्ये मिसळायचं.

पहिलं वर्ष

पक्कं लायसन्स आलं की पोरगं म्हणतं, "आता झालं की." इथून पुढच्या अटी कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. पहिले तीन महिने रात्री नऊनंतर गाडी नाही. पहिले सहा महिने गाडीत घरचं एक मोठं माणूस किंवा मग एकटं. मित्र नाहीत. समवयस्क मित्र जितके जास्त तितका कोवळ्या चालकाचा धोका वाढतो, आणि टप्प्याटप्प्याच्या लायसन्सवाल्या देशांनी मित्रांवर मर्यादा घातली ती याच कारणाने. चालवताना मोबाईल डॅशबोर्डवर नको, मागच्या सीटवरच्या पिशवीत. प्यायलेल्याच्या गाडीत बसायचं नाही, आणि तशी वेळ आली तर कधीही फोन करायचा. आपण न ओरडता न्यायला येऊ. हे शेवटचं कलम पालकांसाठी आहे आणि ते मोडलं तर बाकीचा कागद फाडून टाकला तरी चालेल.

महिन्यातून एकदा परत डावीकडे बसा आणि बोलू नका. मोजा फक्त. ब्रेक किती वेळा उशिरा आणि जोरात लागला, आरसा किती वेळा बघितला, तीन सेकंद किती वेळा तुटले. उतरल्यावर एकच गोष्ट सांगा, दहा नको. उशिरा लागणारे ब्रेक कमी होत गेले तर पुढची अट उठवा, नाहीतर महिनाभर लांबवा.

गाडीत विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर ठेवलं तरी चालतं. अपघात झालाच तर काय करायचं हे आधी एकदा म्हणवून घ्या. गाडी थांबवायची, चारही इंडिकेटर लावायचे, इंजिन बंद. ११२ किंवा १०८, हायवेवर १०३३. जखमीचं हेल्मेट ओढून काढायचं नाही आणि आग किंवा दुसरा धोका नसेल तर त्याला हलवायचं नाही. पळून जायचं नाही. जमाव चिडला असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं. पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या अपघातात मदत केली तर कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. गाड्या हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो, समोरचा नंबर, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन.